बोटांचे डाग

स्क्रूची पुडी खिशात घालून वायरमन लिफ्टमधून उतरला, दार उघडंच होतं, चपला काढता काढता त्याची नजर समोर गॅलरीत गेली आणि त्याला वाटलं, सुनेनं आज ताटं उन्हात वाळत घातलीत. पांढरी, चौकोनी, एकाला एक टेकवून उभी केलेली. चौकोनी ताटं आपल्याकडे कधी आली, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. या नव्या घरात रोज काही ना काही नवीन यायचं आणि त्यातलं निम्मं कशासाठी आहे ते त्याला कळायचं नाही. मग एक चप्पल पायात आणि एक हातात अशा अवस्थेत तो तिथंच थबकला, कारण ताटांना बटणं नसतात. धुण्याच्या सोड्याचा उग्र वास घरभर पसरला होता. गॅलरीतल्या फरशीवर काळपट पाण्याचा ओघळ वाळत आला होता आणि त्याचं टोक जाळीत जाऊन संपलं होतं. त्यानं हातातली चप्पल जमिनीवर ठेवली, ती उलटी पडली, ती सरळ केली, आणि मग आपण हे का करतोय ते त्याला कळेना.

आतून सून आली. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, केस कसेबसे वर बांधलेले, हातात दात घासायचा जुना ब्रश. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते वायरमनच्या वाट्याला तिच्या लग्नापासून आजवर कधी आलं नव्हतं. ती खूश होती, आणि त्याच्यासाठी खूश होती. “बाबा, आज तुम्ही काही बोलायचं नाही,” ती म्हणाली. “सकाळपासून तेच घेऊन बसलेय. बघा, नव्यासारखे झाले की नाही?” बोटांची टोकं सोड्यानं लाल होऊन सुरकुतली होती, ती तिनं गमतीनं त्याच्यासमोर नाचवली. तो बघत राहिला. नव्यासारखे झाले होते, त्यात वादच नव्हता. लाकडी पेट्या, वर पांढरा सनमायका, त्यावर दोन ओळींत फिकट पिवळसर बटणं. त्यानं पहिल्या दिवशी बसवले होते अगदी तसे.

कारण ते सगळे स्विचबोर्ड त्यानंच केलेले होते. नुकतंच लग्न झालेलं, अंगात रग होती, आणि गल्लीतल्या सगळ्या घरांची सडकी वायरिंग बदलायचं काम त्याला मिळालं होतं. एकाच मापाच्या पेट्या, एकाच दुकानातली बटणं, एकाच जातीचा सनमायका. पेट्या तो घरीच, बाहेरच्या खोलीत कापायचा. फळी हलू नये म्हणून बायको तिच्यावर बसायची, तो करवत चालवायचा, करवत जवळ आली की ती पाय वर घ्यायची आणि हसायची. दाराशी उभं राहून गल्लीतली पोरं ती गंमत बघायची. खोलीभर भुसा, तिच्या केसांतही भुसा, आणि तिच्या हसण्यानं करवत वाकडी जायची म्हणून तो तिच्यावर खोटंखोटं चिडायचा. मग एकेका घरी जाऊन त्यानं बोर्ड लावले, आणि पुढं सगळा जन्म गल्लीतली माणसं त्यांना हात लावत राहिली. बटण बिघडलं की त्यालाच हाक. त्यानंच स्प्रिंग बदलायची, त्यानंच स्क्रू आवळायचा. तेव्हा तो डागांकडे बघायचा नाही. डागांकडे कोण बघतं? घरात राहायचं म्हणजे भिंतीला हात लागणारच.

मग गल्ली पाडायची ठरली. सह्या झाल्या, माणसं पांगली, काहींना याच जागेवर उभ्या राहिलेल्या उंच इमारतीत घरं मिळाली, काही पार गावाच्या टोकाला गेली. पाडायला आलेल्यांनी आधी दारं काढली, मग खिडक्यांचे गज, मग भिंतींतून तांब्याची तार ओरबाडून काढली. बोर्ड मात्र कोणालाच नको होते. तार कापून ते ढिगाऱ्यावर भिरकावून दिलेले असायचे. वायरमन तेव्हा मुलाच्या भाड्याच्या घरी राहत होता, आणि रोज काही काम नसताना येऊन ढिगाऱ्याशी उभा राहायचा. एक दिवस विटांच्या चुऱ्यात त्याला एक बोर्ड दिसला आणि तो उचलायच्या आधीच त्याच्या तोंडून निघून गेलं, “अरे, हा मास्तरांचा.” मास्तरांची नजर कमी होत गेली तसे त्यांच्या बोर्डावर बटणांपेक्षा कडेलाच डाग जास्त पडत गेले, ते आधी भिंत चाचपडायचे, मग बोर्डाची कड, मग बटण. नजर पार गेली तरी संध्याकाळी दिवा लावायचे. कोणी आलं तर त्याला अंधारात बसावं लागू नये, म्हणायचे. तो सगळा शोध त्या पांढऱ्या सनमायक्यावर काळपट पसरलेला होता. वायरमननं तो बोर्ड सदऱ्याच्या पोटाशी धरून घरी आणला, आणि चोरी केल्यासारखं खाटेखाली सरकवला.

मग त्याला नादच लागला. लंबूकाका आणि त्यांची बुटकी बायको यांच्या बोर्डावर दोन वेगळे डाग, एक वरून खाली आलेला आणि एक खालून वर गेलेला; दिवा कोणी चालू ठेवला यावरून त्या दोघांची जन्मभर जुंपायची, आणि पुरावा भिंतीवर असून कोणी बघितला नाही. चिक्कूशेटच्या बोर्डावर एकच बटण काळं, बाकीची दुकानातून आणल्यासारखी, कारण दुसरा दिवा लावायला त्याचा जीव धजायचा नाही. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याचा अंगठा पंख्याच्या बटणाखाली शाईत उमटलेला, रेषांसकट. माणूस जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो घरी येऊन आधी पंखा लावत होता. असे एकेक करून त्यानं जमतील तेवढे सगळे बोर्ड गोळा केले. एका मोठ्या फळीवर ते गल्लीतल्या क्रमानं बसवायचे, मागून वायरिंग करायचं, प्रत्येकाला एक छोटा दिवा, बटण दाबलं की त्या घराचा दिवा लागेल. याला काय म्हणतात ते त्याला माहीत नव्हतं. मुलगा एकदा कोणाला तरी फोनवर म्हणाला, आमचे बाबा कलाकार झालेत, आणि हसला. वायरमनला त्याचा राग आला नाही, पण जरा लाज वाटली.

आणि मधोमध त्याच्या स्वतःच्या घरचा बोर्ड. तो त्यानं सगळ्यात शेवटी, त्याचं घर पाडायची पाळी आली तेव्हा, आपल्या हातानं भिंतीवरून उतरवला होता. उतरवून खिडकीशी नेला, उजेडात धरला, तिरका केला, चष्मा काढून बघितला. काही नव्हतं. सगळ्या गल्लीची बोटं सापडली आणि ज्या हातासाठी त्याचा जीव तुटत होता त्याचा एक ठिपका नाही. मग त्याला आठवलं, आणि आठवल्यावर तो रिकाम्या खोलीत भिंतीला टेकून खाली बसला. लग्नानंतरचे पहिलेच दिवस होते. भांडी घासता घासता बायको ओल्या हातानं उठली आणि बटण दाबायला गेली. त्याच आठवड्यात त्याच्याबरोबर काम करणारा जोडीदार शॉक लागून शिडीवरून फेकला गेला होता. वायरमन इतक्या जोरात ओरडला की शेजारची माणसं दाराशी आली. ती पांढरीफटक पडली. त्या दिवसापासून तिनं उघड्या बोटानं बटणाला म्हणून हात लावला नाही, ओल्या नाही की कोरड्या नाही. खांद्यावर फडकं असायचंच. त्याचं टोक बोटाला गुंडाळायचं आणि दाबायचं. मुलाला तीच सवय लावली. पुढं त्याची थट्टाही करायची, “वायरमनसाहेब, लावू का दिवा, परवानगी आहे?” शेवटच्या आजारपणात, हात ओले होण्यासारखं काही कामच उरलं नव्हतं तेव्हासुद्धा, उशाशी फडकं घेऊन निजायची. आणि तो स्वतः दिवसभर लोकांच्या घरी. आपल्या घरचे दिवे तिनंच लावले, तिनंच मालवले. एकदा ओरडलो आणि तिचा हात जन्मभरासाठी पुसला, असं त्याला वाटलं आणि पुढं कितीतरी दिवस त्या बोर्डाकडे बघवेना.

पण एकदा सगळे बोर्ड जमिनीवर मांडून तो लांबून बघत होता. मळकट, तेलकट, शाईचे, कोळशाचे, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये एकच पांढरा. तिथं ती होती. इतकी स्पष्ट होती की त्याला मान फिरवावी लागली. इतरांचे डाग होते म्हणून तिचं नसणं दिसत होतं. लोक येतील, बघतील, आणि कोणीतरी नक्की विचारील, हा एवढा स्वच्छ कसा हो? मग तो सांगणार होता. आजवर ही गोष्ट त्यानं कोणाला सांगितली नव्हती, मुलालासुद्धा नाही. आपण होऊन सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती. कोणी विचारलं असतं तर मात्र सांगता आलं असतं. खरं सांगायचं तर त्या एका प्रश्नासाठीच त्यानं एवढा घाट घातला होता.

सुनेचं आणि त्या बोर्डांचं पहिल्यापासून वाकडं होतं. तिचंही काही चुकत नव्हतं. नव्या घराचे हप्ते फेडायला दोघं राबत होती, तिला ते घर नीटनेटकं हवं होतं, आणि सासऱ्यानं हॉलमध्ये जुन्या गल्लीचं भंगार मांडलेलं. झुरळं झाली. कामवाली म्हणाली, मी त्याला हात लावणार नाही. मुलगा दोघांच्या मध्ये सापडला की वर्तमानपत्र वाचायचा. सुनेनं एकदा चांगल्या शब्दांत सुचवलं होतं, निदान पाठीमागं पेनानं नावं तरी लिहा, उद्या मिसळले तर? वायरमन तेव्हा फुशारकीनं म्हणाला होता, नावं कशाला लागतात, हात आपोआप ओळखू येतो. स्वतःवर इतका खूश तो क्वचितच व्हायचा, आणि झाला तो नेमका तेव्हा. मग एका दुपारी सून लवकर घरी आली आणि तिनं त्याला मास्तरांच्या बोर्डाशी बोलताना पाहिलं. काय बोलत होता ते त्याला आता आठवत नाही, पण ती मागं फिरून स्वयंपाकघरात गेली, आणि त्यानंतर तिचा सूर बदलला. इमारतीच्या सेक्रेटरीला तिनंच गाठलं, खालच्या हॉलची भिंत मिळवली, जुन्या गल्लीतल्या सगळ्यांना फोन करून रविवारी बोलावलं. सेक्रेटरी फळी बघायला आला तेव्हा नाकाला रुमाल लावून म्हणाला, कल्पना चांगली आहे, पण हे जरा कळकट दिसतं, लोक हसतील. वायरमननं ते मनावर घेतलं नाही. सुनेनं घेतलं. आपल्या सासऱ्याला कोणी हसू नये म्हणून आज सुट्टी काढून, तो बाजारात जाताच, बादलीभर सोड्याच्या पाण्यात तिनं सगळी गल्ली बुडवली.

आता तिला काय सांगायचं? जिच्यावर ओरडायचं ती तर आपल्या बाजूनं उभी होती. एकदा ओरडून काय होतं ते त्याला ठाऊक होतं. “छान झालं,” तो म्हणाला. “फार कष्ट घेतलेस.” ती समाधानानं हसली आणि म्हणाली, तरी एकाची शाई निघता निघेना, शेवटी ब्लेडनं खरवडली. त्यानं मान हलवली. मग तो आत जाऊन खाटेवर बसला आणि खिशातली स्क्रूची पुडी काढून हातात धरून राहिला.

रविवारपर्यंतचे दिवस त्यानं कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. सून आणि मुलगा कामावर गेले की तो बोर्ड एकेक करून मांडीवर घ्यायचा. ज्याला इस्त्रीचा जादा प्लग होता तो परटाचा, हे उघड होतं. कोपऱ्यात खिळ्यानं खरडलेलं होतं तो वात्रट पोरांच्या घरचा. असे चार-दोन सापडले, बाकीचे सगळे सख्खे भाऊ. डोळे मिटून त्यानं बटणं दाबून बघितली. आवाजावरून कळेल, वाटलं होतं, पण प्रत्येक स्प्रिंग त्याचीच, प्रत्येक स्क्रू त्यानंच आवळलेला, सगळीकडून त्याच्याच कामाचा आवाज येत होता. वास घेतला, सोडा. आपला बोर्ड तरी सापडेल म्हणून तो पुनःपुन्हा हातानं चाचपायचा. पण तो ओळखायची खूण एकच होती, तो स्वच्छ होता; आणि आता सगळेच स्वच्छ होते. एक दुपार तर अशी आली की त्यानं सुनेच्या टेबलावरची शाईची बाटली आणली, अंगठा बुडवला आणि एका बोर्डावर पंख्याच्या बटणाखाली दाबला. हुबेहूब उमटला. पण तो त्याचाच अंगठा होता. जुळाऱ्याच्या घरी आपण चोरासारखे शिरलोय असं त्याला वाटलं, आणि त्यानं तो डाग ओला असतानाच सदऱ्याच्या बाहीनं घासून काढला. म्हणजे ती गल्ली पुसायला शेवटी त्याचाही हात लागला. मग त्यानं जे हाती येतील ते बोर्ड येतील तिथं लावले, मागून वायरिंग केलं, आणि काम मात्र चोख केलं, कारण वाईट काम करणं त्याला येतच नव्हतं.

रविवारी दुपारी माणसं आली. वयं झालेली, काठ्या टेकत, मुलांच्या गाड्यांतून उतरलेली. सून चहाचे कप फिरवत होती, मध्येच विसळून आणत होती, सगळ्यांना सांगत होती की हे सगळं बाबांनी एकट्यानं केलं. भिंतीवरची फळी पांढरीशुभ्र झळकत होती. सेक्रेटरीसुद्धा खूश दिसला. आधी कोणी जवळ जाईना, मग लंबूकाका पुढं झाले आणि त्यांनी विचारलं, “आमचा कुठला रे, वायरमन?” हा प्रश्न येणार हे त्याला माहीत होतं. आख्खी फळी त्याच्याकडे बघत होती. त्यानं हात उचलला आणि एका बोर्डाकडे बोट केलं. “हा.” आवाजात जराही कंप नव्हता. लंबूकाकांनी बटण दाबलं, छोटा दिवा लागला, आणि बुटक्या काकू मागून म्हणाल्या, लावून ठेवलात आणि आता विसराल. सगळे हसले. मग झुंबड उडाली. आमचा? आमचा? तो बोट दाखवत गेला. हा तुमचा. तो वरचा तुमचा. धाकटे शेट, हा तुमच्या वडिलांचा. माणसं आपापल्या बोर्डापुढं उभी राहत होती, डोळे पुसत होती, फोनमध्ये फोटो काढत होती. शेवटी जुळाऱ्याची म्हातारी बायको मुलाचा हात धरून आली. तिलाही त्यानं एक बोर्ड दाखवला. तिनं आपला अंगठा अलगद पंख्याच्या बटणाखाली टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. “इथंच लागायचा त्यांचा अंगठा,” ती म्हणाली. “पुसून पुसून दमायचे मी. बरं झालं, निघाला एकदाचा.”

संध्याकाळ झाली तशी माणसं पांगली. हॉलमध्ये रिकामे कप, खुर्च्या, आणि फळीवर लागलेले राहिलेले दिवे. दुपारभर इतके हात लागले होते की सनमायक्यावर ठिकठिकाणी बोटं उठली होती, चहाची, घामाची, ताजी. सून फडकं घेऊन ती एकेक करून पुसत होती. तो बघत होता. नको म्हणायचंही त्याच्या मनात आलं, पण काय म्हणून नको म्हणणार? ती आपली हलक्या हातानं, मनापासून पुसत पुढं सरकत होती, दिवे बंद करत होती. सगळे मालवले, फळी अंधारली. मग ती उरलेले कप विसळून परत आली आणि म्हणाली, “बाबा, सगळ्यांना त्यांचा त्यांचा दाखवलात. आपला कुठला? आईंचा?”

हाच तो प्रश्न. कोणीतरी अखेर विचारला होता. दुपारभर ज्या हातानं त्यानं बिनदिक्कत घरं वाटली तो हात आता उचलेना. त्यानं फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. सगळे तिचेच दिसत होते. एकही डाग नव्हता. कुठल्याही घरात ती राहिली असती, कुठल्याही बोर्डापाशी खांद्यावर फडकं टाकून उभी असती, आणि म्हणून कुठंच नव्हती. सांग आता, असं त्यानं स्वतःला बजावलं, तिनं विचारलंय, सांग, इथूनच सुरुवात कर, लग्नानंतरचे पहिले दिवस होते. पण ती गोष्ट सांगायची तर सोड्याच्या पाण्यापर्यंत यावं लागलं असतं, आणि समोर त्याच्यासाठी बोटं लाल करून घेतलेली पोर उभी होती. सुनेला वाटलं, त्यांना भरून आलंय. ती हळूच म्हणाली, राहू द्या, मीच ओळखते. ती फळीकडे वळली आणि बटणाकडे गेलेला तिचा हात थबकला. कप विसळून हात ओले होते. “ओल्या हातानं नाही हं,” ती नवऱ्याच्या सुरात म्हणाली, हसली, आणि फडक्याचं टोक बोटाला गुंडाळून तिनं मधल्या एका बोर्डाचं बटण दाबलं.

दिवा लागला. “हाच ना?” तिनं विचारलं.

वायरमन त्या गुंडाळलेल्या बोटाकडे बघत होता. “हो,” तो म्हणाला.

मग तिनं जिथं बोट लागलं होतं तिथं, काही नसतानाही, फडक्यानं एकदा पुसून घेतलं.